स्वतःला वाचवणारं इंजिन

प्रिय राहुल आणि सुजाता,

राहुलने त्याच्या नव्या गाडीचा फोटो पाठवला आणि त्याखाली इंजिनाची सगळी माहिती: किती लिटरचं, किती सिलिंडर, अश्वशक्ती, टॉर्क, टर्बो. शेवटी लिहिलं, 'आजी, एकदम रिलायबल आहे.' मी उत्तरात फक्त 'पाहिलं' असं लिहिलं. त्यावर सुजाताचा फोन आला, आजी रागावली आहे का म्हणून. हो, रागावली आहे. राहुलवर नाही. राग जुना आहे आणि तो कशावर आहे हे मी तुम्हा दोघांना कधी नीट सांगितलेलं नाही. तुम्ही तेव्हाही इथून लांब, तिकडेच होता, तुमच्यापर्यंत फक्त 'आजोबा नांदेडला राहायला गेले' एवढंच पोचलं.

आणि यंदा पुन्हा पावसाने तोंड फिरवलं आहे. नांदेडच्या या तिसऱ्या मजल्यावरून मला रोज ढग दिसतात. येतात आणि दुसऱ्याच्या गावाला निघून जातात. किनवटला नव्या जिल्ह्याचे फलक पुन्हा लागले आहेत. दुष्काळ आणि नवा जिल्हा ही दोन नावं एकत्र ऐकली की मला डिझेलचा वास येतो. काही माणसांना एखाद्या ऋतूत मोगऱ्याचा वास आठवत असेल. मला हा आठवतो.

त्या उन्हाळ्यात किनवटच्या रानातला साग नुसता काड्यांचा उभा होता. वाळलेल्या पानांवरून शेळी चालली तरी घरात आवाज यायचा. मोहाची फुलं पडली, पण वेचणाऱ्या बाया म्हणायच्या की यंदा त्यांना वासच नाही. इस्लापूरजवळचा सहस्रकुंडाचा धबधबा तुम्ही लहानपणी पाहिला आहे. तेव्हा सुजाता त्याच्या आवाजाने रडली होती. त्या वर्षी तिथे आवाज नव्हता. काळा खडक उघडा पडला होता, आणि ते पाहायलाही लोक जात होते, आजारी नातेवाइकाला पाहायला जावं तसे.

आमच्या घरात आजारी नातेवाईक तुमचे आजोबा होते. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि मशीन नांदेडला. किनवटहून नांदेड म्हणजे, रस्ता बरा असेल तर, साडेतीन तास. रस्ता बरा नव्हता. तो रुंद करायचा म्हणून सगळा उकरून ठेवला होता. रेल्वे होती, पण तिची वेळ आणि मशीनची वेळ यांचं कधी जमलं नाही. सगळे सांगत होते की नांदेडला खोली घ्या. मीही सांगत होते. आजोबांनी वन खात्यातली सगळी नोकरी त्या डोंगरांत काढली होती, निवृत्त झाल्यावर किनवटच्या बाहेर तीन खोल्यांचं घर बांधलं होतं, आणि त्यांचं एकच म्हणणं होतं: "औषधाला नांदेडला जाईन. राहायला जाणार नाही. ज्या दिवशी राहायला गेलो, त्या दिवशी मी पेशंट झालो."

त्यांना घरी राहून जगायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं त्यांचं. म्हणून ते इंजिन आमच्या घरात आलं.

आणलं प्रकाशभाऊजींनी. आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर, तुमचे प्रकाशआजोबा. नांदेडच्या शोरूममधून घरी आले ते हातात चकचकीत पुस्तिका घेऊन, आणि चहा व्हायच्या आत त्यांनी ती पाठ म्हणून दाखवली. दीड लिटरचं, चार सिलिंडरचं, सोळा व्हॉल्व्हचं. कॉमन रेल. टर्बो, त्यात पुन्हा इंटरकूलर. "वहिनी, टॉर्क एवढा हाय की घाटात गिअर बदलायचं काम न्हाई. दादाला पाळण्यात घालून नेल्यावानी नेतो."

"आणि बंद पडलं तर?"

"हे बंद पडत न्हाई. जुन्या जीपगत न्हाई ते. याला मेंदू हाय."

त्या मेंदूवर माझा तेव्हाच विश्वास बसला नाही. मेंदू असलेली माणसं मी शाळेत पुष्कळ पाहिली होती.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा शोरूमवाल्यांनी हार घातला, नारळ फोडला आणि चाकाखाली लिंबं ठेवली. मी म्हटलं, आम्ही लिंबं चिरडत नाही. तो टाय घातलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, ते कंपनीकडून आहे." जणू कंपनीकडून आलेली अंधश्रद्धा वेगळ्या जातीची असते. आजोबा हसले. लिंबं चिरडली गेली.

मॅन्युअल इंग्रजीत होतं, म्हणून ते वाचणं माझ्याकडे आलं. ते मी पेन्सिल घेऊन वाचलं. इंग्रजीची शिक्षिका म्हणून सांगते, इतकी सभ्य आणि इतकी बेजबाबदार भाषा मी दुसरीकडे वाचलेली नाही. प्रत्येक संकटाचं उत्तर एकच: अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा. आमचं अधिकृत सेवा केंद्र नांदेडला होतं, म्हणजे संकटात सापडायचं तर नांदेडच्या आसपासच सापडावं अशी त्यांची अपेक्षा होती.

पण यंत्र मला त्यातून समजलं, आणि समजल्यावर ते आणखी आवडेनासं झालं. इंजिनात जळून झालेला वायू बाहेर जाताना एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल, म्हणून जास्त ताकद. हा टर्बो. म्हणजे लहान इंजिनाने मोठ्याचा आव आणायचा आणि त्यासाठी दर क्षणी हवेवर अवलंबून राहायचं. स्वच्छ, गार, भरपूर हवेवर. आमच्याकडे त्या वर्षी हवा म्हणजे काय होतं? उकरलेल्या रस्त्याचा मुरूम, वाळलेल्या शेतांची माती, आणि पुढच्या टँकरने उडवलेला धुरळा.

मॅन्युअलमध्ये एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात, एक ओळ होती: धुळीच्या प्रदेशात एअर फिल्टर लवकर बदलावा. मी ती भाऊजींना वाचून दाखवली. त्यांनी पंक्चरवाल्याकडे जाऊन फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारून घेतली. आपल्याकडे हीच रीत आहे. गादी झटकतो तसा फिल्टर झटकायचा आणि पुन्हा घालायचा.

"भाऊजी, बदला म्हटलंय. झटका नाही म्हटलं."

"वहिनी, ते पुस्तक परदेशात लिहून राहिले लोक. त्यांनी धूळ पाहिली हाय का कधी? आपल्या हिशोबानं हा फिल्टर नवाच हाय."

हे सगळं ते घाईत बोलत, कारण त्यांना समितीच्या बैठकीला जायचं असे. किनवट-माहूरचा वेगळा जिल्हा व्हावा म्हणून जी कृती समिती निघाली होती, तिचे भाऊजी मोठे कार्यकर्ते. त्यांच्या प्रत्येक भाषणात आजोबा असत. 'माझा सख्खा भाऊ आठवड्यातून दोनदा मरणाशी गाठ घालायला नांदेडला जातो. जिल्हा इथं असता तर जिल्हा रुग्णालय इथं असतं, मशीन इथं असतं!' टाळ्या पडत. आजोबा ओट्यावर बसून लाऊडस्पीकरवर स्वतःचं आजारपण ऐकत आणि म्हणत, "आज जरा जास्तच मेलो मी."

मी मूळची मुरूडची, लातूरकडची. नवा जिल्हा कसा असतो हे मी पाहिलेलं होतं. लातूर वेगळा झाला तेव्हा मी तरुण होते. कचेऱ्या आल्या, पाट्या बदलल्या, आमच्या गल्लीतल्या माणसांची छाती आपोआप पुढे आली. त्याच लातूरला या दुष्काळात रेल्वेने पाणी येत होतं. माझी बहीण कुसुम फोनवर वार्ता द्यायची, आज भांडी धुतली, आज नाही धुतली. मी ते भाऊजींना ऐकवायची.

"जिल्हा होऊन लातूरच्या नळाला काय आलं? हवा."

"वहिनी, तुम्ही लई नकारघंटा वाजवता."

"तुमच्या इंजिनाला हवाच तर लागते. घ्या लातूरची."

त्यांना राग यायचा. मला बरं वाटायचं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात थंड अशी गोष्ट नव्हती, माणसंसुद्धा.

आता त्या दिवसाकडे येते. त्याआधीची आजोबांची पाळी हुकली होती. डायलिसिसला पाणी फार लागतं, शुद्ध केलेलं, आणि केंद्राचा टँकर आला नाही म्हणून त्यांनी निम्म्या रुग्णांना परत पाठवलं होतं. आजोबांचे पाय सुजले, मग पोट, मग चेहरा. बसून झोपू लागले. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, ही पाळी काही झालं तरी चुकवू नका. आणि नेमक्या त्याच दिवशी समितीने इस्लापूरला रस्ता रोको ठेवला होता.

"आपण उजाडता निघू," भाऊजी म्हणाले. "चक्का जाम उन्हं वर आल्यावर हाय. दादाला सोडतो अन् संध्याकाळी परत येऊन सभेला उभा राहतो."

निघालो उजाडताच. आजोबा पुढे, मी मागे, पायाशी गार पाण्याची बाटली. किनवट मागे पडलं, पहिला चढ आला, आणि चढाच्या मध्यावर समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला. छोटा, सुबक, इंजिनाच्या आकाराचा. त्याबरोबर गाडीतला जीव गेला. बंद पडली नाही. तेच तर सांगायचं आहे. ती चालत होती. पण भाऊजींनी पाय तळापर्यंत दाबला तरी ती बैलगाडीच्या मागून चालल्यासारखी चालत होती. थांबवली, किल्ली काढली, पुन्हा सुरू केली. दिवा गेला, दोन वळणं चांगली गेली, पुन्हा दिवा, पुन्हा तीच गत. मागून मोकळे ट्रक हॉर्न देत पुढे निघून जात होते, धूर ओकत, बॉनेट दोरीने बांधलेले, ज्यांची पुस्तिका कुणी कधी छापली नसेल.

"काय म्हणतंय पुस्तक?" भाऊजींनी विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.

मी वाचलं. "ताकद कमी झाल्यास ते इंजिनाच्या संरक्षणासाठी आहे. अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा."

आजोबांना दम लागत होता, तरी ते बोलले. "कोणाच्या संरक्षणासाठी म्हणालीस?"

"इंजिनाच्या."

"बरं हाय त्याचं."

इस्लापूरला पोचलो तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. रस्त्यावर टायर, दगड, आडवी बैलगाडी, आणि भाऊजींनीच रंगवून घेतलेला फलक. गंगाराम नावाचा समितीचा माणूस, किराणा दुकानदार, पुढे आला.

"जयभीम प्रकाशभाऊ! तुम्ही तर सकाळीच पार होणार व्हते ना?"

"गाडीनं दगा दिला. बैलगाडी सरकव, दादाला मशीनवर न्यायचंय."

गंगारामने मागे पाहिलं. दोन्ही बाजूंना ट्रकांच्या रांगा होत्या. तो खाली वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, नियम तुमचाच हाय. ॲम्ब्युलन्स, दूध आन् पाण्याचा टँकर. खासगी गाडी न्हाई."

नियम खरंच त्यांचा होता. आधीच्या आंदोलनात जो तो 'पेशंट हाय' म्हणून सुटला होता. कपाळाला रुमाल बांधून एक नवरदेवसुद्धा पेशंट म्हणून गेला होता, मागे अख्खं वऱ्हाड घेऊन. तेव्हा भाऊजींनी बैठकीत टेबलावर हात आपटून हा ठराव करून घेतला होता, आणि घरी येऊन आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितलाही होता.

"अरे, हा माझा दादा हाय! माझ्या भाषणात हाय तो!"

"मला माहीत हाय भाऊ. ह्यांना सांगा." ट्रकवाल्यांचे हॉर्न सुरू झाले होते. एक जण खिडकीतून अर्धा बाहेर आला. "पुढाऱ्याची गाडी सोडून राहिले का? मग आमच्या मालाला काय कीड लागली? सोडा समद्यांना!"

मी गाडीतून उतरले. पुढचं दार उघडलं, आजोबांचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. "हा बघा तुमचा पेशंट," मी गंगारामला म्हटलं. "नवरदेव आहे का?" आजूबाजूचे पाच-सहा जण वाकून त्या खड्ड्याकडे बघत राहिले. तो भरून येत नव्हता. गंगारामच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बैलगाडी त्याने सरकवली नाही. डोळ्यांत पाणी यायला हरकत नव्हती, त्याने काही हलत नाही. आज इतक्या वर्षांनीही मला त्याच्याबद्दल यापेक्षा चांगलं लिहिता येत नाही.

भाऊजी स्वतःच रंगवून घेतलेल्या फलकाकडे बघत उभे होते.

तेवढ्यात मागून रिकामा टँकर आला, हिमायतनगरच्या बाजूला भरायला निघालेला. लोकांनी त्याच्यासाठी बैलगाडी लगेच बाजूला घेतली. आजोबांनी ते पाहिलं. "गंगाराम," ते म्हणाले, "टँकर सोडता ना? मग मला टँकरात घाला."

टँकरवाला तयार नव्हता. "न्हाई साहेब, पेशंट-बिशंट न्हाई घेत मी. रस्त्यात काही झालं तर?"

"झालं तर तुझ्या गाडीत पाणी होतं असं सांग."

"रिकामा हाय टँकर!"

"मग भांडतोस कशाला, जागा हाय की."

माणसं हसली. हसता हसताच चौघांनी त्यांना उचलून केबिनमध्ये चढवलं. त्यांच्या शेजारी एकाच माणसाची जागा होती, तिथे मी बसले. भाऊजी खाली उभे होते, हातात त्या गाडीची किल्ली. ते काहीतरी म्हणाले, पण टँकरच्या इंजिनाचा आवाज एवढा होता की मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही. केबिन तापलेली, पायाखालचा पत्रा चटका देणारा, प्रत्येक खड्ड्याला मागच्या रिकाम्या टाकीचा घुमणारा आवाज. आजोबा माझ्या खांद्यावर रेलले होते. हिमायतनगरला टँकरवाल्याने स्वतः एसटी थांबवली, आणि कंडक्टरने पुढची दोन माणसं उठवून आम्हाला जागा दिली.

नांदेडला आमची वेळ टळून गेली होती. सिस्टर आधी रागावली, मग तिने आजोबांकडे पाहिलं. दुपारच्या पाळीतला एक जण आला नव्हता, त्याच्या जागी तिने त्यांना घेतलं. तो का आला नव्हता हे मी विचारलं नाही. नळ्यांतून रक्त फिरू लागलं तेव्हा मी प्रथम पाणी प्यायले. ते रक्त इतकं शांतपणे जातं आणि येतं, की बाहेर त्यासाठी किती माणसं केवढ्याने ओरडतात हे त्याच्या गावी नसतं.

दोन दिवसांनी भाऊजी ती गाडी टोचन करून सेवा केंद्रात घेऊन आले. मी मुद्दाम गेले. स्वच्छ शर्टातल्या सल्लागाराने फिल्टर आमच्यापुढे आपटला. टेबलावर लाल मातीचा ढीग झाला. हवा कमी पडली, सेन्सरने ते पकडलं, इंजिनाने आपली ताकद कमी करून घेतली. नवा फिल्टर, थोडी सफाई, संध्याकाळी गाडी घेऊन जा.

"पण काकू, एक लक्षात घ्या," तो गोड आवाजात म्हणाला, "गाडी फेल झालेली नाही. टर्बो वाचला. तिने स्वतःला वाचवलं. हे फीचर आहे."

मी त्याला म्हटलं, "आत माणूस होता."

"ते गाडीला कसं कळणार?"

खरं आहे. फिल्टर बदलायला हवा होता हेही खरं आहे, आणि भाऊजींनी झटकला हेही. राहुल, तू तुझा वेळेवर बदल. पण ज्या यंत्राचा भरवसा हवा स्वच्छ असेल तोवरचाच आहे, त्याला दुष्काळात भरवशाचं म्हणून विकणाऱ्यांना मी काय म्हणावं? संकट दिसताच पहिल्याने स्वतःची कातडी जपणारी माणसं मी ओळखते. त्यांना कुणी फीचर म्हणत नाही.

आजोबांनी दवाखान्याच्या खाटेवरच निर्णय सांगितला. मी 'आपण घरीच जाऊ' असं सांगायची तयारी करून गेले होते, कारण आता मलाच त्यांना घरी न्यायचं होतं, कसंही करून. ते म्हणाले, "खोली बघ इथे."

"आणि किनवट?"

"टँकरात बसून दरवेळी कोण येईल? प्रकाशला सांगू नको की त्याच्यामुळे. त्याला सांग, पाणी नाही म्हणून."

मी तसं सांगितलं. भाऊजींना ते पटलं नाही, पण त्यांनी ते घेतलं. समितीच्या पुढच्या आंदोलनात त्यांनी नियम बदलून घेतला: पेशंट म्हणाला तर पाय दाबून बघावा. गंगाराम म्हणे अंगठा पुढे करून प्रत्येक गाडीत डोकावत होता. मला ते सांगताना भाऊजींना हसू आलं. मला आलं नाही.

पाऊस त्यानंतर आला, चांगला आला. सहस्रकुंडाचा आवाज दूरवर जायला लागला, असं लोक सांगत. आजोबा ते नांदेडच्या भाड्याच्या खोलीत, खिडकीपाशी बसून ऐकत. सांगणाऱ्याला पुन्हा पुन्हा विचारत, मोह फुटला का, ओढ्याला पाणी कुठवर आलं. किनवटला ते अधूनमधून जाऊन आले, डायलिसिसच्या दोन पाळ्यांमधल्या दिवसांत, पाहुण्यासारखे. चप्पल दारात काढून ठेवली की माझ्याकडे बघायचे, निघायची वेळ विचारायला. त्या घरात ते पुन्हा राहिले नाहीत. पुढे काही वर्षांनी इथेच गेले.

ती गाडी प्रकाशभाऊजींकडे आहे. तिला सांभाळून असतात, फिल्टर आता वेळेआधीच बदलतात. मला न्यायला येतात तेव्हा मी मागे बसते. इंजिन अजून पहिल्याच किल्लीला सुरू होतं, धूर करत नाही, आणि आजवर एकदाही खोलावं लागलेलं नाही.